इंजिन आपले की परक्याचे?

गाडीच्या सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘विकून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘चालते आहे तोवर ऑइल टाकत राहा.’ पहिला पक्ष बहुधा मुलांचा असतो, दुसरा वडिलांचा. आई या वादात पडत नाही. महिन्याला ऑइलवर किती जातात, तेवढे ती मधूनमधून सांगते. मग एके दिवशी मिस्त्री येतो. बॉनेट उघडतो, चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण काढतो आणि त्या भोकावर तळहात धरतो. हाताला भकभक वाफा लागल्या की जाहीर करतो, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे साहेब. इंजिन गेलं.’

इंजिन गेले म्हणजे नेमके काय गेले, हे विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही. माणूस गेला म्हटल्यावर काय झाले होते, हे आपण चार वेळा विचारतो. इंजिनाच्या बाबतीत लगेच ‘खर्च किती?’ या प्रश्नावर येतो. आणि मिस्त्रीही लगेच दोन वाटा समोर ठेवतो. एक, आहे तेच इंजिन खोलून ब्लॉक बोअर करून आणायचा. दुसरी, भंगार बाजारातून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे इंजिन आणून बसवायचे. पहिलीला वेळ लागतो, दुसरीला नशीब.

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे बिडाचा ओतीव ठोकळा. त्यात सिलिंडरांच्या गोल विहिरी असतात. प्रत्येक विहिरीत पिस्टन वर-खाली होतो, आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा जळत्या वायूला खाली आणि ऑइलला वर जाऊ देत नाहीत. लाखभर किलोमीटर असे घासत राहिल्यावर विहीर झिजते. पण ती सगळीकडे सारखी झिजत नाही, ही त्यातली मेख आहे. जिथे पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो, तिथे वरच्या रिंगपाशी उष्णता सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी. तिथे झीज जास्त. हेड काढून सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख खाली ओढले, तर अशा ठिकाणी एक कंगोरा लागतो. शिवाय पिस्टन एका अंगाला अधिक रेटत असतो, त्यामुळे गोल विहीर किंचित लंबगोल होते. अशा लंबगोल विहिरीत नव्या गोल रिंगा टाकून ‘काम झाले’ म्हणणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. चार-सहा महिने धूर थांबतोही. त्या चार-सहा महिन्यांत मिस्त्रीचे पैसे मिळालेले असतात.

खरा उपाय म्हणजे विहीर पुन्हा गोल करणे. लेथवाला किंवा बोअरिंगवाला आधी मापाच्या डायलने वर, मध्ये, खाली, आडवे आणि उभे माप घेतो. मग चारही सिलिंडर सारखे मोठे करतो. एकच झिजला असला, तरी चारही. मोठे करायचे तेही ठरलेल्या पायरीने : पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. जुन्या मिस्त्रींच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस; म्हणजे इंचाचे तितके हजारांश. तितक्याच मोठ्या मापाचे पिस्टन बाजारात मिळतात. आपल्याकडच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घ्या. तिचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. शेवटच्या पायरीपर्यंत, म्हणजे एक मिलिमीटर बोअर वाढवला, तर तीच गाडी ११२१ सीसीची होते. पण एवढ्याने गाडी पळायला लागेल असे कोणी समजू नये.

इथे गिऱ्हाइकाने एक गोष्ट पाहिली पाहिजे. चांगला बोअरिंगवाला पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करीत नाही. डब्यावर छापलेले माप आणि पिस्टनचे खरे माप यांत किंचित फरक असू शकतो, आणि छोट्या पेट्रोल इंजिनात पिस्टन व सिलिंडर यांच्यामध्ये ठेवायची फट चार-पाच शतांश मिलिमीटरची, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. ‘पिस्टन नंतर आणा, आम्ही बोअर करून ठेवतो’ असे कोणी म्हणाला, तर ब्लॉक उचलून दुसरीकडे न्यावा. बोअरनंतर होन मारतात. त्याने सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते आणि त्या रेघांत ऑइल टिकते. त्यानंतरचे काम अगदी घरगुती आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित : ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने घासून धुवायचा. पेट्रोलने पुसून होनच्या दगडाची भुकटी जात नाही. ती तशीच राहिली, तर नव्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी खाते. पांढरे फडके सिलिंडरमधून फिरवावे आणि ते पांढरेच बाहेर यावे, ही परीक्षा कोणत्याही गृहिणीला सांगावी लागणार नाही.

क्रँकही तपासावा लागतो. तो झिजला असेल तर ग्राइंड करून कमी मापाची बेअरिंगे. हेड फेस करणे, व्हॉल्व्हच्या सीट कापणे. म्हणजे आठ-दहा दिवस गेले, असे धरून चालावे.

आता दुसरी वाट. मुंबईत ही वाट कुर्ल्याला जाते. तिथल्या सीएसटी रोडवर आणि आसपासच्या गल्ल्यांत मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. गंमत अशी, की वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही कुर्ल्यालाच होता. म्हणजे जिथे पद्मिनी जन्मली, तिथून हाकेच्या अंतरावर तिचे अवयव विकले गेले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांचे या गल्ल्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्या काळात एकाच ब्लॉकचे दोन-तीन बोअर होत आणि मापे संपली की लायनर घालून पुन्हा पहिल्यापासून. पद्मिनी टॅक्सींची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. इतकी वर्षे त्या चालल्या याचे श्रेय कारखान्याइतकेच बोअरिंगवाल्यांना आणि भंगारवाल्यांनाही द्यायला हवे.

भंगारवाल्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचे इंजिन तीस हजार किलोमीटर चाललेले, अगदी ठणठणीत असू शकते. ते तुम्हाला मिळाले, तर बोअर करून आणलेल्या इंजिनापेक्षा ते सरस, कारण कारखान्याची जुळणी गावच्या गॅरेजच्या जुळणीपेक्षा चांगली, हे कबूल करायला हवे. प्रश्न इतकाच, की ते तुम्हाला कशावरून मिळेल? आपले झिजलेले इंजिन किती झिजले आहे, ते मापता येते. परक्या इंजिनाचा भूतकाळ विचारायचा तर उत्तर देणारा तोच, जो ते विकतो आहे. बँकेत कर्जाचे अर्ज चाळण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा वाटतो. पडझड झालेला जुना खातेदार आणि चकचकीत कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस, यांत कोणाला कर्ज द्यावे?

२६ जुलै २००५ चे उदाहरण पुरेसे आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीने तेच पाहिले. चालू इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, तर पाणी दाबले जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. असे इंजिन कोरडे करून, ऑइल बदलून सुरू होऊ शकते, ठीकठाक आवाजही देते, आणि मग कुठल्या तरी घाटात ब्लॉक फोडून रॉड बाहेर येतो. बुडालेल्या गाड्या कुठे तरी मोडीत निघणारच, आणि त्यांची इंजिने कोणी तरी विकत घेणारच. ते ‘कोणी तरी’ आपण होऊ नये, म्हणून काही गोष्टी समोर उभे राहून करून घ्याव्यात. ऑइलची पट्टी काढून पाहावी; ऑइल दुधाळ असले तर त्यात पाणी गेले आहे. चारही प्लग काढून कॉम्प्रेशनचे घड्याळ लावावे. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचे. एखादा फार कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा. विक्रेता याला कंटाळला, तर त्यातून जे समजायचे ते समजावे. आणि ‘चालू करून दाखवतो’ यावर फार भाळू नये. जाड ऑइल भरले, की म्हातारे इंजिनही तासभर गप्प बसते.

याहून मोठा प्रश्न कागदाचा आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या लक्षात सगळ्यांत शेवटी येतो. गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनाचा. इंजिनाचा नंबर कुठे ठोकलेला असतो? ब्लॉकवर. पिस्टन बदला, क्रँक बदला, हेड बदला, कार्ब्युरेटर बदला. कायद्याच्या दृष्टीने इंजिन तेच. पण ब्लॉक बदलला, की बाकी सारे तुमचे जुने घातले तरी इंजिन दुसरे झाले. बोअर करून आणलेल्या ब्लॉकला कोणताही कागद लागत नाही. भंगारातून आणलेल्याला पावती लागते, ते कोणत्या गाडीचे होते याचा पुरावा लागतो, आरटीओकडे नोंद लागते, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते आणि विमा कंपनीला कळवावे लागते. यातले काही न करता वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक आहेत. अपघात होऊन सर्व्हेअर नंबर पाहायला वाकतो, तोवर त्यांचे सगळे ठीक चालते.

त्या नंबराच्या मागे चोरीची गाडीही असू शकते. मेरठचा सोतीगंज हा सुट्या भागांचा मोठा बाजार चोरीच्या गाड्या तोडल्या जातात म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला. त्याआधी कित्येक वर्षे तिथून इंजिने नेलेली सगळी माणसे काही चोर नव्हती. भंगारात काय येईल याचा भरवसा नाही, हे तर दिल्लीच्या मायापुरीने २०१० मध्ये भयंकर रीतीने दाखवले. तिथे भंगारात आलेल्या जुन्या उपकरणात किरणोत्सर्गी कोबाल्ट होते, आणि त्यापायी एका माणसाचा जीव गेला. तो विषय वेगळा, पण ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न तोच.

पेट्रोलच्या पद्मिनीत डिझेलचे इंजिन, जीपमध्ये मेटॅडोरचे, असे संसार आपल्याकडे एकेकाळी सर्रास मांडले जात आणि सुखाने चालतही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम अशा बदलांबद्दल आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा मिस्त्री ‘बसतंय साहेब, थोडं ब्रॅकेट कापावं लागेल’ म्हणाला, तर ब्रॅकेटच्या पलीकडचेही विचारावे.

हे सगळे वाचून वाचकांना वाटेल, की निकाल बोअरच्या बाजूने लागला. माझा कल तिकडे आहे, हे खरे. पण एका माणसाने केलेला हिशेब मला अजून आठवतो, आणि तो माझ्या कलात बसत नाही.

१९९३ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. एका जीपवाल्याला आम्ही कर्ज दिले होते. परमिट पर्यटनाचे आणि धंदा वडापचा, हे बँकेला, आरटीओला आणि एसटीच्या कंट्रोलरला सारखेच ठाऊक होते. ऐन लग्नसराईत घाट चढताना रेडिएटरचा पाइप फुटला. मागे वऱ्हाड बसलेले, म्हणून त्याने गाडी तशीच वर नेली. माथ्यावर इंजिन जाम झाले. खोलले तर एका सिलिंडरला ओरखडे पडलेले, क्रँक खराब. दुसऱ्या दिवशी तो बँकेत येऊन समोर बसला.

‘साहेब, उद्यमनगरला पंधरा दिवस म्हणत्यात. हंगाम हाय, त्यांच्याकडंबी लाइन हाय. खर्च सोळा हजार. कुर्ल्यासनं इंजिन आणलं तर चार दिवसांत गाडी लायनीला, पण वीस हजार.’

कोल्हापूरचे उद्यमनगर म्हणजे त्या भागातल्या इंजिनांचे पंढरपूर. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांमुळे लायनर-पिस्टन हे शब्द शेतकऱ्यांच्या घरात आधीपासून होतेच, आणि उद्यमनगरच्या कामावर लोकांचा विश्वास होता. मी कागदावर आकडे मांडले. हंगामात त्याच्या हाती दिवसाला पाचशे उरत. कुर्ल्याच्या वाटेने अकरा दिवस वाचतात, म्हणजे साडेपाच हजार. चार हजार जास्त गेले तरी दीड हजार सुटतात. पण इंजिन कसे निघेल याची जोखीम त्या दीड हजारात बसत नव्हती. मी त्याला उद्यमनगरचा सल्ला दिला.

त्याने मान डोलावली आणि कुर्ल्याला गेला. पण जाताना आपला ब्लॉक मोडीत घातला नाही. भंगारवाले जुना ब्लॉक घेऊन किंमत कमी करतात. त्याने ती सवलत नाकारली. ब्लॉकला आतून-बाहेरून ऑइल चोपडले, गोणपाटात गुंडाळला आणि गोठ्यात माळ्यावर चढवला. आणलेल्या इंजिनाची पावती बँकेत दाखवली, आरटीओची नोंद मी करायला लावली. ते इंजिन लग्नसराई संपेपर्यंत चालले. जरा जास्त ऑइल पीत होते, पण चालले. पावसाळा आला, लग्ने थांबली, रस्ते ओस पडले, तेव्हा त्याने माळ्यावरचा ब्लॉक उतरवून उद्यमनगरला नेला. आता तिथे गर्दी नव्हती. वस्तादांनी सवडीने लायनर घातला, चारही बोअर केले, क्रँक ग्राइंड केला. पोळ्याच्या आसपास मूळ इंजिन पुन्हा जीपमध्ये बसले, पुन्हा आरटीओची वारी झाली. त्या वर्षीच्या तपासणीत आमच्या विभागीय कार्यालयाच्या साहेबांनी फाइल उघडून विचारले, की तारण एक जीप असताना इंजिनाचे नंबर दोन कसे, आणि त्यातला पहिला पुन्हा कसा आला? त्यांना समजावण्यात माझी एक दुपार गेली.

मी नंतर त्याचा पूर्ण हिशेब मांडून पाहिला. दोन्ही मिळून खर्च छत्तीस हजार. कुर्ल्याचे इंजिन त्याने पुढे अकरा हजारांना विकले. निव्वळ पंचवीस. सरळ उद्यमनगरला गेला असता, तर सोळा अधिक बुडालेले साडेपाच, म्हणजे साडेएकवीस. साडेतीन हजारांचा तोटा. मी तो कागद त्याला दाखवला.

तो म्हणाला, ‘बरोबर हाय साहेब. पण पंधरा दिवस गाडी उभी राहिली असती, तर लायनीतला माझा नंबर दुसऱ्यानं घेतला असता. सकाळी सातच्या खेपंला शाळंचे चार मास्तर हायत, दवाखान्याच्या दोन बाई हायत, ते महिन्याचं पैसं देत्यात. ते एकदा दुसऱ्या जीपमधी बसले, की परत येत न्हाईत. आन्‌ हप्ता चुकला असता, तर तुम्हीच नोटीस काढली असती.’

नोटीस मीच काढली असती, यात शंका नाही. माझ्या कागदावर सकाळी सातच्या खेपेचा रकाना नव्हता.

त्यामुळे कोणी विचारले, तर मी आता उलट विचारतो. गाडी थांबली तर काय थांबते? घरची गाडी असेल, मुले रिक्षाने जाऊ शकत असतील, तर घाई करू नये. आपला ब्लॉक, आपला नंबर, चांगला बोअरिंगवाला आणि नंतर हजार-दीड हजार किलोमीटर सबुरीने चालवायची. पूर्वी अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी असे, आणि मागचे लोक हॉर्न न वाजवता थांबत. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा रॉडने भोक पाडले असेल, तर मात्र वाद संपला. बिडाचे वेल्डिंग भरवशाचे नसते; तिथे भंगाराखेरीज गती नाही. त्यातही मोकळा ब्लॉक आणून, माप घेऊन, तो बोअर करून आपला क्रँक त्यात घालावा, हे मला संपूर्ण परक्या इंजिनापेक्षा बरे वाटते. नंबर बदलेल, नोंद करावी लागेल, पण आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असेल.

नव्या गाड्यांना हे शहाणपण जसेच्या तसे लागू नाही. अनेकांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे, आतले लायनर पातळ, मोठ्या मापाचे पिस्टन काही इंजिनांना एकाच पायरीचे तर काहींना मुळीच नाहीत. इंजिनाबरोबर सेन्सर आणि संगणकाचा डबा जुळावा लागतो. आणि गाडीच जुनी झाली असेल, तर इंजिनाच्या आधी तिच्या वयाचा हिशेब करावा. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली. वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी २०२१ मध्ये नियम आले; तिथे गाडी दिली, की ठेव प्रमाणपत्र मिळते आणि कोणती गाडी कधी मोडली याची नोंद राहते. गल्लीतल्या भंगारात हीच नोंद नव्हती.

त्या जीपवाल्याचे कुर्ल्याचे इंजिन कोणी घेतले, ते सांगायचे राहिले. शेजारच्या गावातल्या एका गुऱ्हाळाने. उसाच्या चरकाला पट्टा लावून ते तीन-चार हंगाम चालले, असे तो सांगत असे. धूर पुष्कळ टाकायचे. पण गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूरच एवढा, की त्यात ते कोणाच्या लक्षात आले नाही.